भेटीचा अर्ज आधी, ताब्याचा नंतर: नाशिकमधलं एक कस्टडीचं प्रकरण

ओळख पटेल असं सगळं बदललंय आणि आई-वडील दोघांना विचारूनच लिहितेय, हे आधी सांगते. या प्रकरणात मी वडिलांची वकील होते, पण दुसरी. पहिले वकील सोडून तो माझ्याकडे आला तेव्हा मुलीला बघून त्याला सात महिने झाले होते, आणि पुढे पूर्ण केसभर आम्हाला सगळ्यात जड गेले ते हेच सात महिने. कस्टडीसाठी माझ्याकडे येणाऱ्या बापांपैकी बरेच जण असेच वेळ घालवून आलेले असतात, म्हणून हे प्रकरण नीट मांडावंसं वाटलं.

तर झालं असं. तो अंबड एमआयडीसीत एका कंपनीत क्वालिटीला, जनरल शिफ्ट. ती खासगी हॉस्पिटलात स्टाफ नर्स, महिन्यातले निम्मे दिवस नाईट. पाथर्डी फाट्याला फ्लॅट, त्याचा हप्ता दोघांच्या पगारातून, त्याचे आई-वडील सोबत. एकच मुलगी, सहा वर्षांची. भांडणं म्हणाल तर घरोघरी असतात तीच, सासूचे टोमणे, तिच्या भावाला दिलेले पैसे, त्याचा राग. एकदा त्याने जेवणाचं ताट भिरकावलं होतं आणि तेव्हा मुलगी समोर बसलेली होती, हे त्याने मला पहिल्याच भेटीत स्वतःहून सांगितलं. मे महिन्यात ती मुलीला घेऊन सिन्नरला माहेरी गेली ती परत आलीच नाही. जूनमध्ये मुलीचं नाव तिकडच्या शाळेत घातलं, मग पोलिसात तक्रार, नवऱ्याने आणि सासरच्यांनी केलेल्या छळाची, म्हणजे पूर्वीचं ४९८अ आणि आता भारतीय न्याय संहितेचं कलम ८५, सोबत घरगुती हिंसाचाराची केस, आणि त्यात नवऱ्याबरोबर सासू-सासरे आणि पुण्याला दिलेली नणंद पण. तिकडून हे सुरू झाल्यावर इकडून याने नाशिकच्या फॅमिली कोर्टात क्रूरतेच्या मुद्द्यावर घटस्फोटाचा दावा टाकला.

तो दावा मी वाचला तेव्हा खरंच वाईट वाटलं. पानंच्या पानं बायकोच्या चारित्र्यावर, हॉस्पिटलमधला कोण सहकारी, किती वाजता फोन, व्हॉट्सअ‍ॅपचे स्क्रीनशॉट. मुलीबद्दल शेवटी चार ओळी आणि मागणीत एक वाक्य, की मुलीचा कायम ताबा वादीला मिळावा. अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतच्या तात्पुरत्या हुकमाचा अर्ज एकही नाही, भेटीचा नाही, फोनचा नाही, काहीच नाही. त्याला सांगितलं गेलं होतं की ताबा मागितलाय ना, निकाल लागला की मुलगी येईल, आता भेट मागितली तर आपली बाजू कमजोर दिसेल. मग काय, नोटीस बजावली नाही म्हणून तारीख, वकीलपत्र लावायला तारीख, से, म्हणजे लेखी उत्तर द्यायला तारीख, आणि मुलगी तिकडे तीस किलोमीटरवर नवीन शाळेत, नवीन मैत्रिणींत रुळत चाललेली. शाळेची फीसुद्धा त्याने थांबवली होती, भेटूच देत नाही तर पैसे कशाला या हिशोबाने.

पहिल्या दिवशी तो एक झेरॉक्स घेऊन आला होता, त्यावर पिवळ्या पेनाने रेघा मारलेल्या. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याचं कलम ६, नैसर्गिक पालक वडील, त्यांच्यानंतर आई. "मॅडम, कायदाच सांगतो ना मी पालक आहे." असा कागद घेऊन येणारा प्रत्येक बाप हेच म्हणतो आणि प्रत्येकाला समजावून सांगावं लागतं की पालकत्व वेगळं आणि मूल कोणाकडे राहणार हे वेगळं. गीता हरिहरन प्रकरणात १९९९ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की त्या कलमातल्या "त्यांच्यानंतर"चा अर्थ बाप वारल्यावरच असा घ्यायचा नाही, बाप लक्ष देत नसेल किंवा जवळ नसेल तरी आई नैसर्गिक पालक असते. त्याच कलमात पुढे पाच वर्षांखालचं मूल सर्वसाधारणपणे आईकडे असावं असंही आहे. त्याचं म्हणणं, आता ती सहाची आहे म्हणजे माझा नंबर. तसं काही नसतं. पाचच्या आत आईच्या बाजूने कायद्याचा झुकता कल आहे, २०१५ च्या रोक्सन शर्मा निकालात तर कोर्टाने सांगितलं की एवढ्या लहान मुलासाठी आई लायक नाही हे बापाने दाखवून द्यायचं. पण पाच पूर्ण झाले म्हणून पारडं आपोआप बापाकडे जात नाही, मग त्याच १९५६ च्या कायद्याचं कलम १३ उरतं, मुलाचं हित सर्वात आधी, आणि हितात कोर्ट काय बघतं तर मूल आज कुठे आहे, कोण सांभाळतंय, तिथून हलवलं तर काय होईल. सात महिने गप्प बसलेल्या बापासाठी हा "आज" फार वाईट असतो. कोणी त्याच्या विरुद्ध काही सिद्ध करायची गरजच पडत नाही, नुसते दिवस गेले तरी पुरतं.

म्हणून मी ताब्याला हातच लावला नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली त्याच दाव्यात अर्ज केला, फक्त भेटीचा. ह्या कलमाचा फायदा असा की घटस्फोटाचा दावा जिथे चालू आहे तिथेच मुलांबद्दलचा अंतरिम हुकूम मागता येतो. १८९० च्या गार्डियन्स अ‍ॅण्ड वॉर्ड्स कायद्याने वेगळा अर्ज केला असता तर कलम ९ प्रमाणे मूल जिथे राहतं तिथलं कोर्ट लागतं, आणि मुलगी सिन्नरला, त्यामुळे हद्दीच्या वादातच आणखी महिने गेले असते. मागणी साधी ठेवली, एक आड एक शनिवारी भेट आणि आठवड्यात एक व्हिडिओ कॉल. यशिता साहू प्रकरणात २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने भेटीसोबत फोन आणि व्हिडिओ कॉलवरून संपर्काचा हक्कही मानलाय, त्याचा आधार दिला.

त्याला हे अजिबात पटलं नव्हतं. "मी बाप आहे, भेटायची भीक का मागू?" मी विचारलं, उद्या उलटतपासात समोरचे वकील विचारतील की सात महिन्यांत मुलीला भेटायला तुम्ही कोर्टाकडे किती अर्ज केले, तर काय सांगाल? त्यावर तो काही बोलला नाही, सही करून गेला.

दुसरं काम त्याहून कडू होतं. चारित्र्यावरचा मजकूर दाव्यातून काढायचा दुरुस्ती अर्ज. त्याचे वडील माझ्यासमोरच त्याला म्हणाले, ह्या वकीलबाई तिकडच्या आहेत का आपल्या? त्यांचा राग मी समजू शकते, सून गेली, नात गेली, म्हातारपणी पोलीस स्टेशनची पायरी चढावी लागली. पण माझ्या हातात पुरावा काय होता तर ड्यूटीवरच्या नर्सला सहकाऱ्याचे आलेले फोन. विजयकुमार भाटे विरुद्ध नीला भाटे या २००३ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलंय की बायकोच्या चारित्र्यावर लेखी कैफियतीत असे आरोप करणं हीच मानसिक क्रूरता, आणि नंतर दुरुस्ती करून ते काढले तरी केलेलं पुसलं जात नाही. म्हणजे आम्ही काढलं तरी ते राहिलंच, पुढे तिच्या वकिलांनी ते वापरलं आणि त्यांनी वापरायलाच पाहिजे होतं. पण काढल्यामुळे निदान कोर्टासमोर उभं राहताना बोलायला तोंड राहिलं. आणि माझं मत विचाराल तर पुराव्याअभावी नाही, मुलीसाठीच तो मजकूर जायला हवा होता, कारण ही मुलगी पंधरा-सोळाची झाल्यावर हे कागद कधीतरी तिच्या हाती लागणार आहेत.

आता आमच्याकडे काय होतं ते सांगते. त्याला म्हटलं, मुलीच्या नावाचं घरात जे काही असेल ते पिशवीत भरून आणा. त्यात शाळेच्या तीन डायऱ्या निघाल्या, नर्सरी ते सिनियर केजी, कडेला क्रेयॉनच्या रेघा मारलेल्या. प्रत्येक पानावर खाली पालकाची सही आणि दहातल्या आठ-नऊ सह्या ह्याच्या. कारण साधं होतं, ती नाईट करून सकाळी यायची आणि मुलीची व्हॅन तोपर्यंत यायची, त्यामुळे उठवणं, अंघोळ, डबा, वेण्या, डायरी सगळं ह्याच्याकडे. मुलीला थंडीत धाप लागायची, बालदमा. एका पानावर ह्याच्या अक्षरात लिहिलेलं, "काल रात्री नेब्युलायझर द्यावा लागला, आज पीटीला पळवू नये ही विनंती." बालरोगतज्ज्ञांची फाईल होती, व्हॅनवाल्या काकांना दर महिन्याला केलेलं पेमेंट होतं. एवढं सगळं घरात पडून होतं आणि दाव्यात त्यातलं एक अक्षर नव्हतं. बायको कशी वाईट यावर सगळी शाई गेली आणि आपण बाप म्हणून रोज काय करत होतो हे सांगायचंच राहिलं. का तर त्याला स्वतःलाच ते सांगण्यासारखं वाटत नव्हतं. "त्यात काय मॅडम, ते तर करायचोच."

भेटीचा हुकूम झाला. महिन्यातले दोन शनिवार, दोन-दोन तास, कोर्टातच समुपदेशक मॅडमच्या समोर. पहिल्या शनिवारी तो भलंमोठं टेडी, चॉकलेटं, रिमोटची गाडी असं सगळं घेऊन आला आणि मुलगी मामीच्या मागे लपली ती पुढेच येईना, दोन तास तशीच. तो बाहेर येऊन जिन्यात बसून रडला. समुपदेशक मॅडमनी सांगितलं, पुढच्या वेळी काही आणू नका, नुसते या आणि ती आली नाही तरी शांत बसा. दुसऱ्या वेळी तो रिकाम्या हाताने आला, कोपऱ्यात खाली सतरंजीवर बसला. ती लांब खेळत होती. पळताना तिची एक वेणी सुटली, रिबिन लोंबायला लागली, दोनदा स्वतः बांधायला गेली पण जमेना. मग ती उठून ह्याच्याकडे आली, काही बोलली नाही, त्याच्याकडे पाठ केली आणि पुढ्यात बसली. मला दारातून दिसत होतं, एक सेकंद त्यालाही कळलं नाही, मग त्याने रिबिन सोडली, बोटांनीच भांग नीट केला आणि वेणी घातली. एक घातल्यावर ती म्हणाली, दुसरी पण, ही सैल आहे. समुपदेशकांच्या अहवालात हे तीन-चार ओळींत आलं, मुलीने वडिलांकडून केस विंचरून घेतले, वडिलांना त्याची सवय असल्याचं दिसतं, मुलीला भीती जाणवली नाही. मुलगी आहे, बाप काय सांभाळणार, असं तिकडच्या सेमध्ये जे होतं त्याला माझ्या कुठल्याही युक्तिवादापेक्षा हे उत्तर चांगलं होतं.

त्यानंतर दर काही महिन्यांनी एक-एक पायरी मागत गेलो. आधी कोर्टाबाहेर रविवारी दहा ते पाच, मग महिन्यातून एक मुक्काम, मग दिवाळीच्या सुट्टीतले काही दिवस. मुलगी कुठे द्यायची-घ्यायची यावरून खूप वाद झाला, ती ह्याच्या घरी यायला तयार नाही, हा तिच्या दारात जायला नाही. शेवटी तिनेच गोंदेश्वर मंदिराचं आवार सुचवलं आणि ते चांगलं चाललं, मुलीला तिथे पळायला जागा आणि मोठ्यांना आवाज चढवायला लाज. एकदा तिने तक्रार केली की हा मुलीला हायवेवरून, मोहदरी घाटातून संध्याकाळी बाईकवर आणतो. ह्याला वाटलं की परत एक आडकाठी, मी सांगितलं की तिचं शंभर टक्के बरोबर आहे, आणि तेव्हापासून भावाची कार घेऊन जायला लागला. मुक्काम सुरू झाले तसं नेब्युलायझरचं दुसरं मशीन घेतलं, औषधाचा कागद बदलला की दोघांनी एकमेकांना फोटो पाठवायचा असं ठरलं. फी पण भरायला सुरुवात केली, बँकेतून थेट शाळेला, भेट झाली न झाली तरी. पोटगीच्या अर्जात दोघांनी उत्पन्न-मालमत्तेची शपथपत्रं दिली, २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालापासून ती द्यावीच लागतात, त्यात आम्ही ओव्हरटाईमसुद्धा लपवला नाही.

सगळं सुरळीत झालं असं नाही. लागोपाठ दोनदा मुलगी आणली नाही, ताप आहे म्हणून. तेव्हा नातेवाईकांच्या सल्ल्यांना ऊत आला. एक काका म्हणाले शाळेतून उचलून आण, बाप आहेस, कोण काय करतंय. दुसऱ्या कोणीतरी हायकोर्टात हेबियस कॉर्पस, म्हणजे बेकायदा अडकवून ठेवलेल्या माणसाला कोर्टासमोर हजर करायला लावणारा अर्ज, टाकायला सांगितलं. पहिल्या गोष्टीला तर मी हात जोडते, शाळेच्या गेटवर मैत्रिणींसमोर ओढाताण झालेलं मूल ते कधी विसरत नाही आणि कोर्टही विसरत नाही. हेबियस कॉर्पसचं असं, की २०१९ च्या तेजस्विनी गौड निकालात अशा अर्जावर बापाला मूल मिळालं हे खरं, पण तिथे आई वारलेली होती आणि मूल मावशी-मामाकडे होतं. इथे मुलगी सख्ख्या आईकडे, तिचा ताबा बेकायदा म्हणणार कसा? आम्ही त्याच कोर्टात दीड पानाचा अर्ज दिला, मेसेजच्या प्रिंटसह, आणि मागितलं एवढंच की बुडालेल्या भेटी भरून द्याव्यात. तो अर्ज मंजूर झाला. मुलीला त्यातल्या एका शनिवारी खरंच ताप होता, डॉक्टरची चिठ्ठी होती, हेही मी कोर्टात मान्य केलं.

न्यायाधीशांनी मुलीशी चेंबरमध्ये एकटीशी बोलून घेतलं. १८९० च्या कायद्याच्या कलम १७ मध्ये मुलाला समज असेल तर त्याचं मत विचारात घेता येतं असं आहे, पण सात वर्षांच्या पोरीला कोणाकडे राहायचंय असं सरळ विचारणं क्रूर आहे आणि त्यांनी ते विचारलं नाही, शाळा, मैत्रिणी, दोन्ही घरी काय खायला असतं असंच बोलले. बाहेर येऊन तिने दोघांना सांगितलं की साहेबांकडे पेपरवेट भारी आहे.

मग उलटतपास. मी आईला डायऱ्या दाखवल्या, ही सही कोणाची? "त्यांची." तुम्ही नाईटला असताना मुलीला धाप लागली तर नेब्युलायझर कोण द्यायचं? "तेच द्यायचे." एक शब्द तिने फिरवला नाही. अहो, ज्या बाईवर पानंच्या पानं चिखल उडवला होता ती शपथेवर उभी राहून त्याच माणसाबद्दल खरं सांगत होती, मला तिच्याबद्दल तेव्हा फार आदर वाटला आणि आजही आहे. त्याच्या उलटतपासात ताट भिरकावल्याचा प्रश्न आला, त्याने हो म्हटलं. आरोपांचा प्रश्न आला, त्याने चूक झाली म्हटलं. मग त्यांच्या वकिलांनी विचारलं, मुलगी मोठी होतेय, उद्या तिला पाळी आली तर तुम्ही काय करणार? कोर्टात शांतता. तो म्हणाला, "तिच्या आईला फोन करीन. आणि त्याच्या आधी मला जे शिकून घ्यायला लागेल ते शिकून घेईन." हे मी त्याला शिकवलेलं नव्हतं.

त्या दिवसानंतर तडजोडीचं बोलणं तिच्याकडून आलं. फॅमिली कोर्ट कायदा १९८४ च्या कलम ९ प्रमाणे समेटाचा प्रयत्न करणं हे कोर्टाचं कामच आहे, पण आधीच्या बैठकींत नुसत्या फैरी झडत होत्या. तिची खरी भीती तिने आता सांगितली, की ताबा गेला तर हा मुलगी कधीच परत दाखवणार नाही, जसं तिने सात महिने केलं होतं. त्याची भीती तीच, उलट बाजूने. एकदा हे दोघांच्या तोंडून निघाल्यावर अटी ठरायला वेळ लागला नाही. तिने नाशिकरोडला नोकरी आणि भाड्याचं घर घेतलं. मुलगी शाळेच्या दिवसांत आईकडे, शुक्रवारी संध्याकाळपासून रविवार संध्याकाळपर्यंत वडिलांकडे, महिन्यातला एक शनिवार-रविवार सोडून, कारण आईलाही सुट्टीचा दिवस मुलीसोबत हवा. आईची नाईट असेल तेव्हा मुलगी आजीकडे न ठेवता आधी वडिलांना विचारायचं, ही अट तिनेच घातली. उन्हाळ्याची आणि दिवाळीची सुट्टी निम्मी-निम्मी. शाळेत आणि दवाखान्यात दोघांचे नंबर, पासपोर्टला दोघांची सही. घटस्फोट संमतीचा करून घेतला, त्यात अर्जानंतर थांबावी लागणारी सहा महिन्यांची मुदत अमरदीप सिंग निकालाच्या, म्हणजे २०१७ च्या आधारावर माफ करून मिळाली. पोलीस केस कोर्टाबाहेर मिटवता येत नाही, ती हायकोर्टातून संमतीने रद्द करून घेतली.

कायम ताबा मिळाला नाही याचं त्याच्या वडिलांना अजून वाईट वाटतं, त्यांच्या मते आपण हरलो. मला तसं वाटत नाही. ह्याने अर्ज मे महिन्यातच केला असता तर कदाचित दिवस याहून जास्त मिळाले असते, मुलगी तेव्हा त्याच्या घराला, त्याच शाळेला सरावलेली होती. ताटातूट झाल्यावर पंधरा-वीस दिवसांत भेटीचा अर्ज पडला पाहिजे, फी थांबता कामा नये आणि दाव्यात मुलाबद्दल चारपेक्षा जास्त ओळी पाहिजेत, हे मी आता आलेल्या प्रत्येक बापाला पहिल्याच दिवशी सांगते, आणि आईला पण सांगते जेव्हा मूल बापाकडे अडकलेलं असतं.

एक मुद्दा अजून उघडा आहे. मुलीची शाळा चौथीपर्यंतच आहे, पाचवीला कुठे घालायची यावर दोघांचं एकमत नाही, त्याला इंदिरानगरची शाळा हवीय आणि तिला नाशिकरोडचीच. ताब्याचे हुकूम परिस्थितीप्रमाणे बदलता येतात, हे रोझी जेकब प्रकरणात सुप्रीम कोर्टाने १९७३ सालीच सांगून ठेवलंय, त्यामुळे अटींमध्ये आम्ही लिहून घेतलं की शाळेचा प्रश्न आधी समुपदेशकांकडे न्यायचा आणि तिथे सुटला नाही तर फक्त त्याच मुद्द्यावर कोर्टात अर्ज करायचा, बाकीच्या अटींना कोणी हात लावायचा नाही.